नदीतले आंबे

नदीतून आंबे गळाला लावून काढायचे असतात, असं मी एका शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवलं आहे. म्हणजे मला तसं शिकवायला लावलं. वर्गात आईची जुनी निळी साडी नदी म्हणून पसरलेली, तिच्यावर पिवळ्या कागदाचे आंबे, आणि मुलं काठीला बांधलेल्या दोरीच्या चुंबकानं ते आंबे ओढून काढतायत. एकानं विचारलंसुद्धा, "बाई, आंबं पान्यात कशाला पडल्यात?" मी म्हणाले, झाडावरून पडले असतील. या उत्तराचा मला अजून राग येतो, आणि ज्यांच्यामुळे ते द्यावं लागलं त्यांचा त्याहून जास्त येतो.

हे लिहावं की नाही ते मला बरेच दिवस ठरवता येत नव्हतं. मी काही लिहिणारी नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आमचं गाव कराड तालुक्यातलं, थोडा ऊस, दोन म्हशी, भाऊ फौजेत. मी इस्लामपूरला डी.एड. करते. घरात कुणाला नीट सांगता येत नाही की मी नेमकं काय शिकते, आई शेजारणींना सांगते, "मास्तरीण व्हायचं शिकतीया." तिनं हे सांगितलं की मला बरं वाटतं आणि थोडी भीतीही वाटते. तेव्हा माझं काही चुकत असेल तर समजून घ्यावं. पण जे झालं ते असंच झालं.

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी काही आठवडे एका शाळेत जाऊन रोज शिकवावं लागतं. मला कृष्णाकाठच्या एका गावातली शाळा मिळाली. दोनच शिक्षक. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे होती, त्यांना सगळे गुरुजी म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, असं मी आधी लिहिणार होते. आता तसं लिहायला हात धजत नाही. वाईट नसलेली माणसंही किती काय करतात ते मी तिथे पाहिलं.

पहिलीच्या वर्गात दाराजवळ, चपलांच्या शेजारी, एक मुलगी बसायची. गावाच्या खालच्या अंगाला नदीजवळ भोई गल्ली आहे, तिथली. तिचे वडील मासे धरतात, आई टोपलीत घालून बाजारात विकते. ही मुलगी अधूनमधून शाळेत यायची, आणि आली तरी तोंडातून शब्द काढायची नाही. पहिल्याच दिवशी गुरुजींनी मला सांगितलं, "तिच्यावर फार वेळ घालवू नका. आईबरोबर बाजारात फिरते ती. डोकं चालत नाही." हे ते तिच्यासमोर बोलले. तिनं मान वर केली नाही, म्हणून त्यांना वाटलं असावं, तिला ऐकू आलं नाही.

मुलगी माझ्यासमोर पहिल्यांदा बोलली ती पाण्याजवळ. एका दुपारी खिचडी खाऊन झाल्यावर पोरं शाळेमागच्या डबक्यात दोऱ्याला बाभळीचा काटा बांधून मासे धरायचा खेळ खेळत होती. डबक्यात मासे नव्हते, बेडकाची पिल्लं होती. ही बाजूला उभी होती. एका मुलाला म्हणाली, "दोरा हलवू नगंस. हलीवला की पळत्यात." बस्स, इतकंच. पण ते वाक्य ऐकून मला वाटलं, ही मुकी नाही, मंद तर नाहीच. हिला बोलायला काही मिळालं तर बोलेल.

कॉलेजात आम्हाला शैक्षणिक साहित्य बनवायला शिकवतात. चकचकीत कागद विकत आणून बहुतेक जण फळं, फुलं, पक्षी बनवतात. मी मासे बनवायचं ठरवलं. अडचण अशी होती की आमचे वडील माळकरी आहेत. आमच्या घरात मासा कधी आलेला नाही. मी तो ताटात पाहिलेलाही नाही. मी सोप्यात बसून जुन्या लग्नपत्रिकांचे मासे कापत होते, तेवढ्यात वडील रानातून आले.

"काय गं ह्ये?"

"मासं."

"घरात?"

"कागदाचं हायती, अण्णा."

"कागदाचं आसूदेत. डोळं कशाला काढल्यास त्येंला? माझ्याकडंच बघाय लागल्यात."

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. वडील हसले नाहीत. "गोठ्यात जाऊन काय कापायचं ते काप," म्हणाले आणि पाय धुवायला गेले. मी उरलेले मासे गोठ्यात बसून कापले. त्यातला एक म्हशीनं खाल्ला. आई म्हणाली, "बाटली गं म्हस." त्यावर मात्र वडीलही हसले.

प्रत्येक माशाच्या तोंडाला मी यू-पिन लावली. भावाच्या बंद पडलेल्या स्पीकरमधलं चुंबक काढून दोरीला बांधलं आणि दोरी निरगुडीच्या काठीला. काही माशांवर अक्षरं होती, काहींवर आकडे. खेळ सोपा होता. मासा गळाला लागला की त्यावरचं वाचायचं. वाचता आलं तर मासा तुमचा. नाही आलं तर शेजाऱ्यानं सांगायचं आणि मग दोघांचा.

पहिल्या दिवशी वर्गात इतका गोंधळ झाला की गुरुजी बाहेरून डोकावून गेले. मी घाबरले होते. पण ती मुलगी चपलांजवळून उठून साडीच्या काठापर्यंत आली. गळ हातात घेतला नाही, नुसती बघत राहिली. मग मला म्हणाली, "ह्यो कंचा मासा?"

मला काय माहीत? मी लग्नपत्रिकेतून जसा जमेल तसा कापला होता.

"तूच सांग की," मी म्हणाले.

तिनं तो उचलून उलटसुलट पाहिला. "लांब हाय आन् डोस्कं सापावानी हाय. मरळ असंल."

मी फळ्यावर लिहिलं, म, र, ळ. आमच्या पुस्तकात पहिला शब्द कमळ असतो. त्याला काना-मात्रा नसते, नुसती तीन अक्षरं. मरळचंही तसंच. मुलं कमळ असं म्हणतात ते चित्र बघून पाठ झालेलं म्हणतात, पुढचं पान उघडलं की म कुठला ते त्यांना सांगता येत नाही. या मुलीनं साडीवरच्या माशांमधून म शोधला, र शोधला आणि ळ सापडेना म्हणून सगळे मासे उलथेपालथे केले. शेवटी ळ एका बारक्या माशावर सापडला. तिनं तिन्ही मासे ओळीत ठेवले आणि हळूच म्हणाली, "मरळ." मग मोठ्यानं म्हणाली. मग सगळा वर्ग ओरडला. मी शिकवलं आणि कुणीतरी वाचलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी हे घरी जाऊन वडिलांनाही सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं," आणि थोड्या वेळानं विचारलं, "मरळ लय मोठा आसतोय का गं?"

त्यानंतर ती रोज यायला लागली. एकदा आकड्यांचा खेळ चालला असताना तिनं पकडलेले दोन मासे परत साडीवर टाकले. गुरुजी दारात होते. म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं? धरलेला मासा परत टाकते. खेळ तरी समजलाय का तिला?"

मी तिला विचारलं, का टाकलेस?

"बारकं हायती की. बारकं सोडायचं. आमचं पप्पा सोडत्यात."

गुरुजी तोवर निघून गेले होते. आधीचा आठवडाभर मी वजाबाकी शिकवायचा प्रयत्न करत होते. फळ्यावर आडवी रेघ काढली की मुलांचे चेहरे पडायचे, कारण वजा म्हणजे काय होतं हेच त्यांना दिसत नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही नियम बदलला. बोटापेक्षा लहान मासा आला की सोडायचा, आणि मग हातात किती राहिले ते सांगायचं. आडव्या रेघेला मुलं 'सोडलं' म्हणायला लागली. मला ते चूक आहे की बरोबर ते माहीत नाही. कॉलेजातल्या पुस्तकात असं कुठे दिलेलं नाही. पण उत्तरं बरोबर येत होती.

मग श्रावण लागला.

शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष गावातले मोठे बागायतदार. त्यांचा मुलगा पहिलीतच होता, गोड आणि बडबड्या. शाळेतला मोठा टीव्ही त्यांनीच दिलेला. त्याच्या चौकटीवर त्यांचं नाव रंगवलेलं आहे. नागपंचमीची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी ते मोटारसायकलवरून आले आणि चप्पल न काढता वर्गात शिरले. साडी पसरलेलीच होती.

"ह्येच का ते?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"बाई, श्रावण चाललाय. सोमवारी आमची म्हातारी उपास सोडाय ताटावर बसली, आन् ह्ये बेणं शेजारी बसून मोजाय लागलं, पाच मासं धरलं, दोन सोडलं, तीन र्‍हायलं. म्हातारी ताटावरनं उठली की वो."

मुलं हसली. मीही हसले असते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसू आलं नाही.

"कागदाचे आहेत, साहेब," गुरुजी म्हणाले. त्या वेळी ते माझ्या बाजूनं बोलले, हे मला नोंदवून ठेवलं पाहिजे. तेवढं एकच वाक्य बोलले.

"कागदाचं आसूदेत न्हाई तर सोन्याचं. नाव तर माशाचंच घेत्यात न्हवं पोरं? शाळा हाय का मासळी बाजार?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या वडलांच्या गळ्यात माळ हाय म्हनं. त्यास्नी तरी इचारलं का?"

मला कळेना, माझ्या वडिलांची माळ यांना कुणी सांगितली. गुरुजींनीच असणार; मी एकदा डबा खाताना बोलले होते. माझ्या घरातली गोष्ट अशी माझ्याच अंगावर येईल असं मला वाटलं नव्हतं. मुलं आमच्याकडे बघत होती, ती मुलगीही. तिच्या हातात गळ होता. तिनं तो खाली ठेवला आणि परत चपलांजवळ जाऊन बसली. तिला कुणीच काही म्हणालं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी वडिलांना विचारलं. ते म्हशीखाली बसले होते. धार काढता काढता ते म्हणाले, "त्येनं माझं नाव घेतलं?"

"व्हय."

"माळ माझ्या गळ्यात हाय. मी तुला घरात नगं म्हटलं. शाळंत नगं असं कवा म्हटलं? शाळा काय माझ्या बापाची हाय व्हय?" मग चरवी बाजूला ठेवत म्हणाले, "ज्येच्या घरात त्येच्यावर चूल पेटतीया, त्येच्या पोरीनं काय करायचं मग? श्रावणात शाळंत यायचंच न्हाई?"

दुसऱ्या दिवशी मी हे जसंच्या तसं गुरुजींना सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना निदान बरं वाटेल. ते म्हणाले, "तुमचे वडील सज्जन आहेत. पण शाळेला टीव्ही त्यांनी दिलेला नाही." आणि पिवळ्या कागदाचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "आंबे करा. अक्षरं तीच, आकडे तेच. मरळ म्हणून तरी कुठला शब्द आहे? कमळ घ्या. म आणि ळ त्यातही आहेत. मुलांचं काय बिघडतं?"

मुलांचं काय बिघडतं, याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही. आजही एका वाक्यात सांगता येत नाही. अक्षरं तीच होती, हे खरं आहे. पण आंबा बारका आहे म्हणून परत नदीत कुणी सोडत नाही. मुलं वजाबाकीला परत गप्प बसायला लागली. 'सोडलं' म्हणायचं की नाही, हे ती माझ्या तोंडाकडे बघून ठरवायची. आणि त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांना कळलं होतं की मासे का गेले. मधल्या सुट्टीत दोन मुलं त्या मुलीजवळून जाताना नाक धरायला लागली. एक म्हणाला, "तुझ्यामुळं आमचं मासं गेलं." दुसरा म्हणाला, "वास मारतोय, वास." हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मोठ्या माणसांनी मासे उचलले, त्यावरून त्यांनी आपलं आपण शिकून घेतलं. पोरं किती लवकर शिकतात हे मला कॉलेजात शिकवलं होतं, ते असं बघायला मिळालं.

मी त्या दोघांना रागावले. पण त्यांच्यापुढे आंब्यांची टोपली घेऊन मीच उभी होते. माझं रागावणं त्यांनी किती मनावर घेतलं असेल?

ती मुलगी यायची बंद झाली.

गुरुजी म्हणाले, "मी सांगितलंच होतं. ती बाजारात जाणार." जणू काही पावसाचा अंदाज खरा ठरला होता. मी आठवडाभर वाट पाहिली आणि मग एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर भोई गल्लीत गेले. नदीला खूप पाणी होतं. होडी वर ओढून ठेवलेली, वडील दारात जाळं शिवत बसलेले. मुलगी मला बघून आत पळाली. आई बाहेर आली. वयानं माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. मी तिला ताई म्हणाले.

"ताई, पोरगी शाळेत का येत न्हाई?"

"तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

मी पायरीवर टेकले.

"बाई, माझी पोर घरी येऊन मला म्हणती, आई, मला लय साबण लाव. सकाळी लावलाय म्हटलं तर म्हणती, अजून लाव. हाताची सालं निघायची पाळी आली." तिचा आवाज चढला. "श्रावणात आमचं मासं कोण घेत न्हाई, ते आमाला कळतंय. आमी काय कुणाच्या दारात जाऊन घ्या म्हणतोय का? पर गटारीला त्या अध्यक्षाच्याच घरचा गडी पिशवी घिऊन पयला हुबा आसतोय. मोठी मरळ काढ, मालकासाठी हाय. गणपती गेलं की परत येतोय का न्हाई बघा. तवा ह्येंची नाकं कुठं जात्यात?"

"आगं, हळू," तिचा नवरा जाळ्यावरून मान न उचलता म्हणाला.

"हळू कशाला? नदीकाठी कोण ऐकतंय?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् तुमी. मरळ शिकवलासा, तवा पोर नाचत आली हुती. भिंतीवर कोळशानं लिवलंय बघा. मग तुमीच काढून टाकलासा."

दाराशेजारच्या भिंतीवर खरोखरच लिहिलं होतं. ळ उलटा काढलेला होता. मला रडू आलं नाही. मला इतका राग आला की कान गरम झाले. मी काढले नाहीत, मला काढायला लावलं, असं म्हणणार होते. पण त्यांच्या दृष्टीनं त्यात काय फरक होता?

माझी इंटर्नशिप संपत आली होती. शेवटच्या आठवड्यात कॉलेजचे सर येऊन आमचा एक पाठ बघतात आणि गुण देतात. आदल्या दिवशी गुरुजी म्हणाले, "उद्या आंबेच घ्या हं. अध्यक्षही येतील कदाचित." मी "हो सर" म्हणाले. मला नाही म्हणायची सवय नाही. आमच्या घरात मास्तरांना नाही म्हणत नाहीत. आई अजून शाळेसमोरून जाताना डोक्यावर पदर घेते.

सकाळी पहिल्या एसटीनं उतरले आणि शाळेत न जाता भोई गल्लीत गेले. मुलीला आजच्या दिवस तरी पाठवा, एवढंच म्हणायचं होतं. तिची आई भांडी घासत होती. तिनं वर न बघता विचारलं, "आज आंबं का मासं?"

"मासं," मी म्हणाले. म्हणाले आणि मलाच दचकायला झालं. मासे माझ्या पिशवीत होतेच. ते शाळेच्या कपाटात ठेवायला माझं मन झालं नव्हतं.

आईनं मुलीची वेणी घातली. मुलीनं साबण मागितला तेव्हा दिला नाही.

कॉलेजचे सर मागे खुर्चीवर बसले होते. त्यांच्या शेजारी गुरुजी. अध्यक्ष आले नव्हते. मी साडी पसरली आणि पिशवी उलटी केली. मासे पडले तसा वर्ग ओरडला. मी गुरुजींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित परत भरले असते. बाहेरचा माणूस समोर असताना ते काही बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं, आणि त्याचा मी फायदा घेतला.

पाठ चांगला झाला असं नाही. अध्यक्षांचा मुलगा सगळ्यांत पुढे घुसला, त्यानं एकामागून एक मासे काढले आणि बारके सोडून दिले. त्याला तरी कुणी विचारलं होतं का, श्रावणात काय चालेल ते? ती मुलगी मात्र दाराजवळून हलेना. थोड्या वेळानं कॉलेजच्या सरांनी विचारलं, "ती मुलगी का भाग घेत नाही?"

गुरुजी म्हणाले, "ती जरा मागे आहे, सर. त्या वस्तीतली आहे. येतही नाही रोज."

परत तिच्यासमोर. परत तितक्याच मोठ्यानं.

"नाही सर," मी म्हणाले. खडू माझ्या हातात मोडला होता. "ती रोज येत होती. तिला वाचता येतं. गेले काही दिवस ती येत नाही, आणि का येत नाही ते गुरुजींना माहीत आहे."

गुरुजींनी खिडकीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता कॉलेजचे सर विचारतील, का येत नाही म्हणून. मी सांगायची तयारी केली होती. तोंडात वाक्यं जमवली होती. पण त्यांनी विचारलं नाही. घड्याळ बघून म्हणाले, "बरं, पुढे चालू द्या." त्यांना दुपारी दुसऱ्या शाळेत जायचं होतं.

मी काठी घेऊन दाराजवळ गेले आणि तिच्या पुढे धरली. तिनं बराच वेळ घेतला. मग उठली. वा लागला, म लागला. "वाम," ती म्हणाली, आणि सरांकडे बघून, त्यांना माहीत नसेल असं समजून, सांगितलं, "सापावानी लांब आसतोय. धरला की निसटतोय." सर "छान" म्हणाले.

माझ्या पाठावर त्यांनी शेरा लिहिला, साहित्य आकर्षक, वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे. गुरुजींनी इंटर्नशिपच्या अभिप्रायात लिहिलं की मी सूचनांचं पालन करत नाही. मला गुण कमी पडले. पहिल्यांदा मला त्याचं खूप वाईट वाटलं, कारण घरी काय सांगायचं हा प्रश्न होता. सगळं सांगितल्यावर वडील म्हणाले, "मग बरोबरच लिवलंय की त्येनं."

शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलीबरोबर तिच्या घरापर्यंत चालत गेले. तिच्या आईनं विचारलं, "उद्यापासनं कोण हाय?"

"गुरुजीच."

"मंजी परत आंबं."

मला खोटं बोलता येईना. "असतील," मी म्हणाले. "पण तिला पाठवा." हे म्हणताना मला कसंतरीच झालं. ज्या वर्गातून मी निघून जाणार होते, तिथे मी दुसऱ्याच्या पोरीला पाठवायला सांगत होते.

ती बाई कमरेवर हात ठेवून नदीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "पाठवायचं का न्हाई ते मी बघती. तुमी जावा. तुमची गाडी चुकंल."

पुढचं मला गुरुजींच्या फोनवरून कळलं. गणपती होऊन गेले होते, मी कॉलेजात होते, तास सुटला होता. गुरुजींचं नाव दिसलं तशी मी घाबरून व्हरांड्यात गेले. ते रागात होते. म्हणाले, ती भोयाची बाई रोज सकाळी डोक्यावर माशांची टोपली घेऊन मुलीला सोडायला येते. फाटकात उभी राहते. हजेरी होऊन मुलीचं नाव घेतलं जाईपर्यंत हलत नाही, मग बाजाराला जाते. मुलांनी काही म्हटलं की टोपलीवरचं फडकं बाजूला करते आणि विचारते, कुणाच्या घरी काय द्यायचंय सांगा, ओळखीची गिऱ्हाइकं हायती सगळी. अध्यक्षांनी एकदा येऊन बघितलं आणि काही न बोलता गेले.

"मुलगी येते का?" मी विचारलं.

"येते की. रोज येते. तोच तर ताप झालाय. फाटकात वास, माश्या. पालक विचारतात, काय सांगू मी?" मग आवाज बारीक करून ते म्हणाले, "हे तुम्हीच लावून दिलंय ना तिला?"

व्हरांड्यात मुली जात-येत होत्या.

"नाही सर," मी म्हणाले. "मला सुचलं असतं तर लावून दिलं असतं."